नाथाजीच्या तबकडीवरचा डफ

कुंडलच्या डफवाल्या आकारामचा हात तोंडाआधी चालायचा. औंधच्या जत्रेत त्याने एकाचे दात पाडले होते, वाईच्या स्टँडवर एका कंडक्टरचं नाक फोडलं होतं. एकच टोमणा मात्र तो मुकाट गिळायचा: "आकारामा, तुज्या डफानं नाथाजी शाहिराचा आवाज खाल्ला रं."

नाथाजीच्या गाण्याची एकमेव ग्रामोफोन तबकडी एके काळी दोन जिल्ह्यांत वाजली. तिच्यात डफ दणदणीत आणि शाहीर विहिरीच्या तळातून गातोय असा. लोकांनी दोष डफवाल्याच्या माथी मारला. खरं आकारामला ठाऊक होतं. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी नाथाजीला क्षयाने पोखरलं होतं. "माजा दम तुटला की डफ हाण, झाकून घे," तो म्हणाला होता. दम ओळीओळीला तुटला, आकारामने ओळीओळीला हाणलं. नाथाजी गेला. त्याच्या बायकोला, मनुबाईलाही आकारामने हे कधी सांगितलं नाही.

त्या लाखेच्या तबकडीच्या प्रती एकेक करून फुटत गेल्या. १९७४ साली मनुबाईजवळची तेवढी उरली. ती लालासाहेबाने मागून नेली. तो लष्कराच्या सिग्नल म्हणजे बिनतारी खात्यातून पेन्शनीवर आलेला, लाउडस्पीकरवाला. त्याने गाणं टेपवर घेतलं, खरखर काढली, डफाचा घुमारा छाटला.

जत्रेच्या सकाळी आकाराम मांडवामागे जाळावर डफ शेकत होता. कर्ण्यातून लालासाहेब ओरडला, "आता डफ मागं, शाहीर म्होरं!"

पहिली ओळ लख्ख आली. दुसरीला आवाज चिरकला. मग खोकला, छातीतली शिट्टी, पुन्हा खोकला.

"ह्यो व्हय शाहीर?" गर्दीत कुणी हसलं. "म्हातारी शेळी खोकतीया!"

आकाराम उठला. त्याला येताना पाहून लालासाहेब म्हणाला, "आवं दादा, थांबा, म्होरं सुधारतंय—"

डफाची लोखंडी कड त्याच्या तोंडावर बसली. दुसरा घाव त्याने उजव्या मनगटावर झेलला आणि हाड मोडल्याचा आवाज माईकमधून सगळ्या जत्रेने ऐकला. आकारामने यंत्राशेजारी ठेवलेली तबकडी टाचेखाली चुरली. टेप ओरबाडून काढली, मांडवामागे नेऊन जाळात टाकली.

मनुबाई धावत आली.

"भावजी, काढा ती! शेवटी शेवटी घरात असाच खोकायचा त्यो. इतक्या वर्सांनी माजा माणूस ऐकला मी आज."

आकारामने जाळात हात घातला. वितळलेली टेप तळव्याच्या कातडीसकट निघाली.

मनुबाई त्या हाताकडे बघत राहिली. "तबकडी भरली तवा तुमी तिथं हुता. कुठं कुठं दम तुटला त्येचा?"

आकाराम खाली बसला आणि सांगू लागला. ही ओळ, हा शब्द, इथं. पोलीस आले तेव्हा तो शेवटच्या कडव्यापर्यंत पोचला होता. हवालदाराने त्याला तेवढं पुरं करू दिलं. लालासाहेबाचा उजवा हात पुढे कधी सरळ झाला नाही.