कोटी करू नका, कोटी काढा

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी दहावीला बसायचं ठरवलं. लोणी काळभोरला नववीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. आता कर्वेनगरात दुपारी बायकांसाठी एक वर्ग चालतो, तिथे जाऊ लागले. शिकवणारे सर निवृत्त, शब्द मोजूनमापून वापरणारे. त्यांनी आल्या आल्या बजावलं होतं, "शनिवारच्या बीजगणिताच्या चाचणीत वीसपैकी दहा पडले तरच यंदा फॉर्म भरायचा. नाहीतर पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षापर्यंत माझा उत्साह टिकला नसता. मी स्वतःला ओळखून आहे.

बुधवारी सरांनी फळ्यावर 4x²y³ लिहिलं आणि मला उभं केलं. "या पदाची कोटी सांगा."

यात काय अवघड? "चार कोटी," मी म्हणाले.

सगळ्याजणी खो खो हसल्या. सर तेवढे हसले नाहीत. "बाई, कोटी करू नका. कोटी काढा."

मला ना करता येत होती, ना काढता. तोंड पाडून घरी आले आणि लेकीसमोर वही टाकली. ती नववीत, इंग्रजी माध्यमात.

"अगं आई, कोटी म्हणजे डिग्री!"

"डिग्री असती तर तुझ्या दारात आले असते का मी?"

तिने समजावलं. अक्षरांच्या डोक्यावरचे आकडे मिळवायचे, दोन आणि तीन पाच. पुढे उभ्या असलेल्या चाराला कुणी विचारत नाही. मग तिने x² + y³ लिहिलं. मी ठसक्यात पाच म्हणाले.

"तीन," ती म्हणाली. "इथे फक्त मोठा घ्यायचा."

माझं डोकंच फिरलं. गुणाकार असेल तर बेरीज करायची, आणि मध्ये चांगलं ठसठशीत बेरजेचं चिन्ह असताना करायची नाही? हा कुठला न्याय? मी वही आपटली.

"माझ्यावर काय चिडतेस? मी केलाय का नियम?"

दुसऱ्या दिवशी मेथी निवडताना समोरच्या नव्या बांधकामाकडे लक्ष गेलं. दोन मजल्यांवर तीन चढवले तर पाच होतात. तेच शेजारीशेजारी बांधले तर उंची तीनचीच. मला फार आनंद झाला. लेकीला सांगितलं तर म्हणते, "असं बुकात नाहीये." म्हणजे मला कळलं होतं की नव्हतं, हेही मला कळेना.

शनिवारी शेवटचा प्रश्न होता, शून्याची कोटी किती? नुसत्या पाचाला अक्षरच नाही, म्हणून त्याची कोटी शून्य, हे मी घोकलं होतं. मग शून्याची? शून्यच, की त्याहूनही कमी? घंटा झाली, तशी मी उत्तराच्या जागी आडवी रेघ मारून पेपर दिला.

सोमवारी सर म्हणाले, "बरोबर दहा. शून्याची कोटी ठरवता येत नाही, हे आपण एकट्यांनीच ओळखलंत."

गप्प बसले असते तर भागलं असतं. पण मग आतून कुरतडत राहिलं असतं. "सर, ती रेघ म्हणजे उत्तर नव्हे. मला येत नव्हतं म्हणून मारली."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. लाल पेनने दहाचे नऊ केले. मी पिशवी उचलली.

"निघालात कुठे? फॉर्म कोण भरणार?"

"पण नऊच..."

"दहाची अट माझी होती. बोर्डाची नव्हे. सही करा."

काही उमगायच्या आत मी सही ठोकली. सरांनी कागद फिरवून पाहिला. "बाई, ही पालकांची जागा."

इतकी वर्षं लेकीच्या फॉर्मवर तिथेच तर सही करत आले होते. हात आपसूक तिकडे गेला. सरांनी वरच्या चौकटीवर बोट ठेवलं. तिथे छापलं होतं, विद्यार्थ्याची सही. ते वाचलं आणि मला भर वर्गात रडू फुटलं.