प्रमिलाताई आणि फ्लॉपीतलं कुलूप

शेवटच्या भेटीत प्रमिलाताईंनी मी नेलेली मोसंबी बाजूला सारली आणि आधी माझ्या हातातला पेन ड्राइव्ह मागितला. जालन्याच्या दवाखान्यात उशीला टेकून त्या तो बोटांत फिरवत राहिल्या. "एवढ्याशा वस्तूत आपल्या सगळ्या फ्लॉप्या मावतेत? खरं सांग!" मावून वर भरपूर जागा उरते, असं मी म्हटलं, तर बाई इतक्या जोरात हसल्या, की नर्स धावत आली... पुढच्याच आठवड्यात त्या गेल्या. आता महिना उलटलाय, पण त्यांची आठवण आली की डोळे भरून येण्याआधी अंगात उत्साहच येतो. काय करणार, बाईच तशी होती.

प्रमिलाताई अंबडच्या कोर्टात वकिली करायच्या. नवऱ्यानं टाकलेल्या, सासरनं हाकललेल्या बाया त्यांच्याकडे यायच्या. नव्वदचं दशक संपत आलं होतं, त्यांच्याच गल्लीत मी नवा कॉम्प्युटर क्लास काढला होता. पन्नाशीच्या प्रमिलाताई एका दुपारी काळा कोट हातावर टाकून आत आल्या आणि कॉलेजच्या मुलींशेजारी बसून शिकू लागल्या. टायपिंग आलं, तसा त्यांनी ऑफिसात कॉम्प्युटर घेतला. मग एक दिवस मला अडवून म्हणाल्या, "बाया माझ्यापाशी काय काय बोलतेत, तुला ठाव न्हाई. हे दुसऱ्या कोणी उघडून वाचलं तर?" मी त्यांना फाइली एकत्र दाबून लहान कशा करायच्या आणि त्या गाठोड्याला पासवर्डचं कुलूप कसं घालायचं, ते दाखवलं. कुलूप घातलेली फाइल जबरदस्तीनं उघडली, तर पडद्यावर नुसता अक्षरांचा चिवडा. तो पाहून ताईंनी टाळी वाजवली. "मंग जजसाहेबालाबी वाचता येणार न्हाई?"

"त्यांनाही नाही. आणि पासवर्ड विसरलात, तर तुम्हालाही नाही."

त्या दिवसापासून दर शनिवारी फ्लॉप्यांचे दोन संच व्हायचे. एक ऑफिसात, दुसरा माझ्या माहेरी, कुंभार पिंपळगावला. उघडी प्रत कॉम्प्युटरवर ठेवायची नाही, हा नियम ताईंचाच. माझी आई तो डबा ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत जपून ठेवायची. आत काय आहे, असं तिनं कधी विचारलं नाही.

आणि मग ती सकाळ. ऑफिसचं कुलूप तोडलेलं, कॉम्प्युटर गायब, फ्लॉप्यांचा डबाही गायब. कोणी केलं, ते शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. दुसऱ्या दिवशी लीलाबाईची तारीख होती. अंकुशनगरजवळच्या वस्तीवरची ही तरुण बाई. सासरच्यांनी तिला हाकलून चार वर्षांची मुलगी ठेवून घेतली होती. शेजारच्या दोघींनी ताईंजवळ सगळं सांगितलं होतं, कोर्टात सही करायलाही त्या तयार होत्या. पण त्यांची नावं आधीच फुटली असती, तर त्यांना वस्तीवर राहणं मुश्किल झालं असतं.

ताई पायरीवर बसल्या होत्या. "लीलाच्या सासरच्यांना नावं कळली असतील का गं?"

"कळणार नाहीत. कुलूप आहे." मी म्हटलं आणि दुसरा संच आणायला निघाले.

मिळेल त्या एसटीनं मी पिंपळगाव गाठलं. आईनं लुगडी उपसली, डबा काढून दिला. दुपारी क्लासात आम्ही एकेक फ्लॉपी घालत होतो आणि मधलीच एक अडली. घर्रऽ घर्रऽ... वाचता येत नाही! ती बाहेर काढली, पुन्हा घातली, तरी तेच. ताईंनी माझं मनगट घट्ट धरलं. शेवटी तीच फ्लॉपी दुसऱ्या मशीनमध्ये घातली, तर तिथं ती बिनतक्रार चालली! आता फक्त पासवर्ड. ताईंनी टाइप केला. चूक. पुन्हा चूक. कोर्टात कधी न डगमगणारी बाई पांढरीफटक पडली. माझं लक्ष कीबोर्डकडे गेलं आणि मी ओरडलेच, "ताई, कॅप्स लॉक!"

गाठोडं उघडलं. लीलाबाईची कैफियत, दोघी शेजारणींचं म्हणणं, ओळ न् ओळ जागेवर होती. ताईंनी मला मिठी मारली, क्लासातल्या मुली कारण न कळताच टाळ्या वाजवू लागल्या. दुसऱ्या दिवशी दोघींनी कोर्टात सह्या केल्या, आणि काही तारखांनंतर लीलाबाई मुलीला कडेवर घेऊन आमच्या गल्लीतून गेली. ताई मला म्हणाल्या, "पाह्यलंस? तुझ्या आईच्या लुगड्यानं केस जिंकली."

पुढं सीडी आल्या, पण ताईंचं डोकं कुठं शांत बसतंय! "बाईची गोष्ट बाईची. मंग कुलूप माझं काऊन?" असं म्हणून त्यांनी नवीच पद्धत काढली. प्रत्येक बाईची फाइल वेगळी करायची आणि पासवर्ड तिनं स्वतः घालायचा. जिला लिहिता येत नव्हतं, तिनं आपल्या पसंतीची बटणं लक्षात ठेवली. "बराबर ध्यानात ठेव माय, विसरलीस तर मीबी उघडू शकत न्हाई," एवढं बजावून ताई खुर्ची फिरवायच्या आणि खिडकीकडं तोंड करून बसायच्या.

परवा मी त्या ऑफिसात गेले होते. ताईंच्या हाताखाली तयार झालेली रेखा आता तिथं बसते. समोर एक नवी बाई होती, डोईवरचा पदर सावरत ती कीबोर्डवरची अक्षरं शोधत होती. रेखानं खुर्ची खिडकीकडं फिरवली. मीही फिरले. मागं एक बटण वाजलं... मग बराच वेळ काहीच नाही... मग भराभरा चार-पाच. आणि ती बाई हसून म्हणाली, "लागलं!"