उतरताना अडणारं विमान

"त्याला सोसेल ना?"

काका हे कशाबद्दलही विचारायचे. मी स्कूटरवर मॉनिटर बांधायला लागलो की स्कूटरबद्दल, त्यांच्या शेजारच्या कोकिलाबेननी जास्वंदाची कुंडी उन्हात सरकवली की जास्वंदाबद्दल. माझ्या दुकानात आले की चालू असलेल्या कॉम्प्युटरवर उपडा हात ठेवायचे. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग माझ्याकडे बघून, "गरम लागतोय रे. त्याला सोसेल ना?"

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. आपण त्याला भित्रा म्हणून सोडून देतो. मीही बरेच दिवस तसंच समजत होतो.

बडोद्याच्या रावपुऱ्यात एका स्टेशनरीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर मी तेव्हा कॉम्प्युटर जोडून विकायचो. घराघरात नुकते कॉम्प्युटर यायला लागले होते. पोरं अमेरिकेला, कॅनडाला गेलेली आणि मागे राहिलेल्या आईबापांना ईमेल शिकायची होती. काका त्यातलेच. नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, सगळी नोकरी झाली होती. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी मेधा कॅनडात. मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत ते एकटे राहत. खाली आले की दुकानदारांशी "केम छो" करत हळूहळू चालायचे, कारण घरी लवकर पोचून करायचं काय?

ईमेल ते चटकन शिकले. पण मेधाची उत्तरं दोन ओळींची असायची, त्यामुळे तो कार्यक्रम लवकर आटपायचा. मग कुणाकडून तरी विमान चालवायच्या खेळाची सीडी त्यांना मिळाली आणि एका सकाळी ते माझ्या दुकानात येऊन उभे राहिले.

"जरा घरी ये. विमान उतरताना अडतंय."

मी गेलो. काका इस्त्रीचा शर्ट घालून, पाठ ताठ ठेवून, खुर्चीच्या टोकावर बसले होते. पडद्यावर मोठं तळं होतं, काठाला उंच इमारती. विमान छान चाललं होतं. शहर जवळ आलं, घरं आणि रस्ते दिसायला लागले, तसं चित्र अडखळायला लागलं. आणि धावपट्टी समोर आली तेव्हा सगळं गोठलं. पुन्हा हललं तेव्हा विमानाचं नाक जमिनीत होतं.

काकांनी डोळे मिटून घेतले होते. जॉयस्टिक त्यांच्या तळहाताच्या घामाने ओली झाली होती.

"काका, खेळ आहे हो," मी हसून म्हणालो.

ते हसले नाहीत. "बरोबर तिथंच अडतं रे," एवढंच म्हणाले.

मी त्यांना समजावलं. शहर आलं की कॉम्प्युटरला एकदम खूप चित्रं काढावी लागतात, प्रोसेसर कमी पडतो. नवा घ्या, नाहीतर आहे त्याचाच वेग वाढवता येतो. तीनशे मेगाहर्ट्झचा प्रोसेसर साडेचारशेवर पळवायचा. हल्ली पोरं सर्रास करतात. मात्र तो जास्त तापतो, मध्येच बंद पडू शकतो, आयुष्यही कमी होतं. क्वचित जळतोसुद्धा.

हे सांगून मी मोठंच संकट ओढवून घेतलं. त्यानंतर काका रोज दुपारी दुकानात यायचे आणि स्टुलावर बसून विचारायचे. किती तापेल? आधी काही लक्षण दिसेल का? पुन्हा मूळ वेगावर आणता येईल का? मी उत्तरं द्यायचो, ते मान हलवायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे. गिऱ्हाइकं त्यात पडायला लागली. "करी नाखो ने काका! शुं थवानुं छे?" करून टाका, होऊन होऊन काय होणार, असं एक कापडवाला त्यांना रोज म्हणायचा.

"आमच्या कारखान्यात असंच म्हणायचे," काका त्याला मराठीतच सांगायचे, आणि त्याला समजायचंही. "तापमान जरा वाढवलं की माल भराभर निघतो. सगळे खूश. पण भांड्याला कुणी विचारायचं?"

शेवटी एकदा मी वैतागलो. दुकानात कुणी नव्हतं. म्हटलं, "काका, नवा प्रोसेसर घ्या, नाहीतर खेळ सोडा. एवढं काय अडलंय त्या विमानावाचून?"

काका स्टुलावर बसले होते ते उठले. मला वाटलं, रागावून निघाले. पण ते खिडकीपाशी जाऊन खाली रस्त्यावरच्या रिक्षा बघत उभे राहिले आणि माझ्याकडे पाठ करूनच बोलले.

मेधाला मुलगी व्हायची होती तेव्हा तिने तिकीट पाठवलं होतं. काका मुंबईला ट्रेनने गेले. विमानतळावर सगळ्या तपासण्या झाल्या, शेवटच्या दारापाशी खुर्च्या होत्या तिथं बसले. लोक रांगेने आत गेले. ह्यांचे पाय उठेनात. सगळे गेल्यावर लाउडस्पीकरवर त्यांचं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. ते तिथंच बसून आपलं नाव ऐकत होते. विमान गेल्यावर कुणीतरी त्यांना पाणी दिलं आणि बाहेर आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी ते बडोद्याला परत.

"तिला काय सांगितलंत?"

"ताप आला म्हणून सांगितलं. ती म्हणाली, 'बरं, बाबा.' त्यानंतर ये म्हणाली नाही कधी." मग म्हणाले, "ते तळं आहे ना खेळातलं, ते तिच्या गावचं आहे. म्हटलं, इथं रोज उतरलो की शरीराला सवय होईल. पण बरोबर तिथंच अडतं."

त्याच दुपारी मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्यांच्याकडे गेलो.

मदरबोर्डवर पिना असतात, त्यांच्यावर इवलीशी टोपी. वेग वाढवायला ती काढून शेजारच्या पिनांवर बसवली. मोठा पंखा लावला. बटण दाबलं, तर पडदा काळाच. काकांचा चेहरा पांढरा पडला. "राहू दे, राहू दे, मूळ जागी आण," म्हणायला लागले. मी व्होल्टेज एक पायरी वाढवलं आणि पुन्हा बटण दाबलं. ह्या वेळी चालू झाला.

काका खुर्चीत बसले. तळं आलं, इमारती आल्या, रस्ते आले. चित्र पाण्यासारखं सरकत होतं. धावपट्टी जवळ येत गेली, मोठी होत गेली आणि चाकं टेकली. विमान पळत पळत जाऊन थांबलं. काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला आणि मग मला म्हणाले, "चहा घेशील ने?"

हिवाळाभर ते उतरत राहिले. मग बडोद्याचा उन्हाळा सुरू झाला आणि प्रोसेसर तापून बंद पडायला लागला. एकदा दुपारी गेलो तर कॉम्प्युटरचं एका बाजूचं झाकण काढलेलं, घरातला एकुलता टेबलफॅन त्याच्यात तोंड घालून फिरतोय आणि काका डोक्यावर ओला पंचा ठेवून घामाने निथळत विमान चालवताहेत. कोकिलाबेन दारातून ओरडत होत्या, "काका, पंखो तमारी बाजू फेरवो! मरी जशो!"

"मला चालतं," काका पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "त्याला नाही सोसत."

पाऊस संपता संपता त्यांनी मेधाला लिहिलं की मी येतोय. तिचं उत्तर आलं, "नक्की?" एवढा एकच शब्द. त्यांनी मला तो वाचून दाखवला.

मुंबईपर्यंत ट्रेनने जाता आलं असतं. पण ते म्हणाले, आधी लहान विमानाने बघतो, शांतीथी. सामान रिक्षात घालून मी त्यांना हरणीला, विमानतळावर नेलं. दारापाशी त्यांनी माझा हात धरला, सोडला आणि आत गेले.

मी बाहेर थांबलो. खरं सांगायचं तर ते परत येतील असं समजूनच थांबलो होतो. रिक्षावाल्यालाही जाऊ दिलं नव्हतं. ऊन वाढलं. दारातून माणसं बाहेर येत होती आणि प्रत्येक वेळी मी मान उंच करून बघत होतो. मग विमानाचा आवाज आला. ते कुंपणावरून वर गेलं, तरी दारातून काका आले नाहीत. रिक्षावाला निघायचं का म्हणून विचारायला लागला, "साहेब, हवे जईए?"

काका तिकडे बरेच महिने राहिले. परत आले ते वाळलेले दिसले. माझ्यासाठी चॉकलेटचा डबा आणला होता. "उतरताना डोळे उघडे ठेवले," एवढं अभिमानाने सांगितलं. बाकीचं तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं.

सकाळी सगळे आपापल्या कामाला जायचे. मेधा जेवण डब्यांतून भरून ठेवायची, कशात काय आहे तेही वर लिहून. काही कमी केलं नाही तिने. पण बाजूला बसली नाही. आणि नात जवळ येईना. तिला आजोबा म्हणजे फोनमधला आवाज. हा पांढऱ्या केसांचा म्हातारा कोण, ते तिला कळत नव्हतं. मग काकांनी युक्ती काढली. घरात एकाच लाइनवर दोन फोन होते. ते वरच्या खोलीत जाऊन एक उचलायचे, ती खाली दुसरा. तसं ती भरभरून बोलायची. शाळेतलं, मांजराचं, सगळं.

"एका घरात असून रे," काका म्हणाले आणि हसले.

"मेधाला सांगितलंत का, तेव्हाचं?"

"सांगणार होतो. रोज वाटायचं, आज सांगू."

थोड्या दिवसांनी त्यांनी मला घरी बोलावलं. "त्याला पूर्वीच्या वेगावर आण," म्हणाले. "आता कशाला त्याला त्रास." मी टोपी पुन्हा जुन्या पिनांवर बसवली. ते बाजूला उभे राहून बघत होते. विमानाची सीडी त्यांनी आधीच कपाटात टाकली होती. त्यानंतर ते दुकानात कमी यायला लागले. आले तरी प्रश्न नसायचे. स्टुलावर बसायचे, सुरसागर तळ्यापर्यंत चालून यायचे, आणि घरी.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी दूधवाल्याला त्यांनी दार उघडलं नाही. हृदय झोपेतच थांबलं होतं.

मेधा आली. कोकिलाबेननी तिला माझ्याकडे पाठवलं, कॉम्प्युटरचं काय करायचं ते विचारायला. आम्ही दोघं वर गेलो. खोली आवरून झाली होती. भांडी बांधलेली, गाद्या गुंडाळलेल्या. टेबल तेवढं जागच्या जागी होतं.

"बाबा ह्याच्यावर काय करायचे?" तिने विचारलं. "ईमेल तर दोन ओळींची असायची."

आणि मी तिला सगळं सांगितलं. मुंबईच्या विमानतळावरचं, तिच्या गावच्या तळ्याचं, प्रोसेसरचा वेग वाढवावा की नाही म्हणून घातलेल्या त्या सगळ्या घोळाचं, उन्हाळ्यातल्या पंख्याचं. ती उभ्यानेच ऐकत होती. मग गुंडाळलेल्या गादीवर बसली.

"मला वाटलं, त्यांना यायचंच नव्हतं," ती म्हणाली. "इतकी वर्षं मला तेच वाटत होतं."

खाली रस्त्यावर स्कूटरवाले एकमेकांना हॉर्न मारत होते.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. कॅनडाहून होता. आईशी बोलल्याशिवाय मुलगी झोपत नव्हती म्हणून मेधाच्या नवऱ्याने तिला फोन लावून दिला होता. आजोबांचं तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. मेधाने डोळे पुसले, आवाज नीट केला. जेवलीस का, दात घासलेस का, असं विचारत राहिली. खोली रिकामी असल्यामुळे पलीकडचा बारीक आवाज मलाही ऐकू येत होता.

"तू आजोबांच्या घरी आहेस?" पोरीने विचारलं.

"हो."

"मग त्यांना दे ना फोन."

मेधाने रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला. खाली मात्र ठेवला नाही. पलीकडून पोर हाका मारायला लागली, "आजोबा? आजोबा?"