डाव्या बाजूचं भगदाड

मामांना भाचा एकच, पण मामा मात्र अख्ख्या गल्लीचे. सहा वर्षांच्या भाच्याने घरात पाऊल टाकल्यापासून मामा-मामा सुरू केलं, ते ऐकून शेजारच्या पोरांनी, पोरांचं ऐकून त्यांच्या आयांनी. शेवटी बाजूच्या दुकानातला घड्याळवाला, वयाने मामांपेक्षा चार वर्षं मोठा, तोही "काय मामा!" करू लागला. मामांची त्याला काही हरकत नव्हती. त्यांची हरकत एकाच गोष्टीला असायची, ती म्हणजे क्लबने रविवारी मैदानात उतरवलेल्या टीमला.

धंदा बूट दुरुस्तीचा. जिन्याखालची खोली, तिला खोली म्हणायचं ते केवळ जिन्याचा मान राखायला. मामा, लोखंडी साचा, एक स्टूल आणि जुन्या सोलांचा ढीग एवढं आत मावायचं. गिऱ्हाईक आत आलं की मामांना पोट आत घ्यावं लागे. पण गल्लीच्या टोकाला क्लबचं मैदान होतं आणि क्लबचे झाडून सगळे बूट याच जिन्याखाली यायचे. त्यामुळे टीमबद्दल मामांना जे कळायचं ते कमिटीलाही कळत नसे. कोण पळाल्यासारखं दाखवतो, कोण हेडरला उडी मारायला कचरतो, कोण सरावाला दांडी मारून भलत्याच रस्त्यावर बूट झिजवतो, सगळं सोलवर छापलेलं.

"माणूस तोंडाने काहीही सांगेल," मामा म्हणायचे, "सोल खोटं बोलत नाही."

काउंटरवर टाचेच्या दहा लोखंडी नाला मांडलेल्या असायच्या आणि गोलकीपर म्हणून पॉलिशची डबी. चार मागे, चार मध्ये, दोन पुढे. गिऱ्हाईक ताटकळायचं आणि मामा एकेक नाल सरकवत कोचची बिनपाण्याने करायचे.

"मामा, माझी टाच कधी मिळणार?"

"तुमची टाच मिडफील्डमध्ये आहे. हाफटाइमपर्यंत थांबा."

त्यांचा सिद्धांत असा, की टीम बुटासारखी असते. वरचं चामडं शाबूत आहे तोवर सोल बदलत राहावा, पण चामडंच गेलं की प्रेमाबिमाच्या गोष्टी न करता नवा जोड काढावा. "तिशी ओलांडलेले चार आहेत. हार घाला, फोटो काढा आणि घरी पाठवा!" हे तीस वर्षं चाललं होतं. या काळात तिशी ओलांडलेल्यांच्या तीन पिढ्या घरी गेल्या, पण मामांना विचारून कोणी गेलं नाही. कमिटीचा सेक्रेटरी बूट न्यायला यायचा, सगळं ऐकून घ्यायचा, "बघू" म्हणायचा आणि जायचा.

दहा नालांपैकी एक मात्र कधी सरकत नसे. मागच्या ओळीत, डावीकडची. ती रोज फडक्याने पुसलेली असायची. ती भाच्याची.

भाच्याला सगळे डावरा म्हणायचे. मामांची बहीण गेली तेव्हा तो या घरात आला. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे नंतर तो भाचा आहे याची आठवण फक्त हाक मारतानाच यायची. त्याचा पहिला फुटबॉलचा बूट मामांनी कोणा मोठ्या माणसाचा बूट कापून बेतला होता. विसाव्या वर्षी डावरा क्लबचा लेफ्ट-बॅक झाला आणि अकरा वर्षं तिथून हलला नाही. राहायचा मामांच्याच घरी, दुकानावरचा जिना चढून वरच्या खोलीत.

घड्याळवाल्याला हे सगळं ठाऊक, आणि दोन दुकानांमधली भिंत फळीची.

"मामा," तो फळीपलीकडून विचारायचा, "सगळ्यांना घरी पाठवता. डावीकडची तेवढी खिळ्याने ठोकलीय का?"

"त्याचा खेळ आहे म्हणून आहे."

"असेल बुवा. आमच्या घड्याळांना मामा नाही, म्हणून ती बिचारी बंद पडतात."

मामांना हे लागायचं. बाकी काहीही म्हणा, पण निवडीत वशिला केला असं म्हणायचं नाही.

त्या वर्षी क्लब तळाला गेला. पाच सामन्यांत अकरा गोल खाल्ले, कोच बदलला. नवा कोच पस्तिशीचा, शांत, बोलताना हातात वही. एका मंगळवारी बुटांचं पोतं घेऊन तो स्वतः जिन्याखाली आला, पोतं ठेवलं आणि जाण्याऐवजी स्टुलावर बसला.

"मामा, तुमच्याबद्दल ऐकलंय. आम्ही गोल कुठून खातोय?"

तीस वर्षांत टीमच्या माणसाने पहिल्यांदा हे विचारलं होतं! मामांनी हातातली आरी खाली ठेवली. मग जे सुरू झाले ते दोन तास. चहा दोनदा आला. कोच लिहीत होता. मामा बोलतात आणि कोणीतरी लिहून घेतं, हे पाहायला घड्याळवालाही डोळ्यावरचं भिंग वर करून दारात येऊन उभा राहिला.

"पण मुख्य भगदाड कुठे?" कोचने विचारलं.

घड्याळवाला हळूच खाकरला.

त्या खाकरण्याने घात केला म्हणा, किंवा त्या वहीने. मामांनी वळून फळीवरचा एक जोड काढला. शिवणीसाठी सकाळीच आला होता.

"हे बघा. डाव्या बुटाचे पुढचे स्टड कोरे. उजव्याची बाहेरची कड घासून सपाट. म्हणजे हा माणूस डाव्या पायावर जोर देत नाही. गुडघा गेलाय, बहुतेक वर्ष झालं असेल. समोरचा आत वळला की हा वळूच शकत नाही. मागे चार ठेवू नका, तीन ठेवा. मध्ये पाच. डावीकडून तो नवा विंगर पळवा."

"आणि हे बूट कुणाचे?"

"लेफ्ट-बॅकचे."

"म्हणजे तुमच्या..."

"जिन्याखाली भाचाबिचा कोणी नसतो, कोचसाहेब. इथे फक्त सोल."

घड्याळवाला भिंग परत डोळ्यावर ओढून आपल्या दुकानात परतला. मामांना स्वतःचं ते वाक्य इतकं आवडलं, की घरी जाताना दोनदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं.

संध्याकाळी जेवताना त्यांनी मामीला सगळं रंगवून सांगितलं. वही, चहा, तीन-पाच-दोन. डावरा समोरच होता, डावा पाय शेजारच्या खुर्चीवर लांब सोडून. तो हसत म्हणाला, "मामा, आता तुलाच कोच करा म्हणावं." डाव्या बाजूचं बोलणं मामांनी गिळलं. उद्या सांगू, असं मनाशी म्हणाले. उद्याही हेच म्हणाले.

शनिवारी मैदानाच्या फाटकावर टीमची यादी लागली, तीत डावरा नव्हता. रविवारी तो कुंपणाबाहेर उभा राहिला आणि टीम दोन-शून्यने जिंकली, दोन्ही गोल डावीकडून.

"झालात सिलेक्टर!" घड्याळवाल्याने पाठीवर थाप मारली. मामांनी हसायचा प्रयत्न केला. अर्धं हसू आलं, अर्धं कुंपणाकडे बघण्यात गेलं.

क्लब त्या हंगामात वाचला. शेवटचा सामना झाला आणि डावऱ्याला पत्र मिळालं, अकरा वर्षांच्या सेवेबद्दल आभाराचं. मामांच्या सिद्धांताप्रमाणे हार आणि फोटोही झाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो जिन्याखाली आला. स्टूल असूनही बसला नाही.

"मामा, कोच भेटला होता. म्हणाला, तुझ्या मामांनी बूट दाखवून सांगितलं. त्याला वाटलं, आपलं घरी बोलणं झालं असेल."

मामांच्या हातात कुणाची तरी टाच होती. "अरे, टीमच्या दृष्टीने..."

"टीमचं बरोबरच आहे. मी कोच असतो तर मीही तीनच ठेवले असते. त्याबद्दल भांडत नाहीये मी."

"मग?"

"तुला सकाळी कळलं की माझा पाय टेकत नाही. संध्याकाळी तू घरी आलास, मी समोर जेवत होतो. तू दोन तास कोचला समजावलंस. मला एवढंच विचारायचं होतंस, दुखतं का रे?"

फळीपलीकडे घड्याळवाल्याची टकटक थांबली.

"वर्षभर मी जिना कठडा धरून उतरतोय," डावरा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, तो चढला असता तर मामांना बरं वाटलं असतं. "मामी रोज शेकायला गरम पाण्याची पिशवी देते. तुझ्या डोक्यावरून जिना आहे, मामा. तुला पावलं कधी ऐकू आली नाहीत?"

मामांकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं, कॉर्नर कसा अडवावा इथपासून देश कसा चालवावा इथपर्यंत. त्यांनी टाचेत एक खिळा ठोकला. तो वाकडा गेला.

पंधरवड्यात डावरा दुसऱ्या गावी गेला. मालाच्या गोदामात गाडी चालवायचं काम, बसून करायचं. भांडण नाही, अबोला नाही. "येतो मामा," म्हणाला आणि वाकून बॅग उचलली, तीही उजव्या पायावर भार देत. ते मामांना या वेळी बरोबर दिसलं.

काउंटरवर मग नाला मांडणं कमी झालं. गिऱ्हाइकांना टाचा वेळेवर मिळू लागल्या, आणि गंमत म्हणजे कोणालाच ते आवडलं नाही. क्लबने नवीन सात पोरं घेतली होती, जुनी चार काढली होती. मामा तीस वर्षं मागत होते तेच. लोक मुद्दाम विचारायचे, "काय मामा, नवी टीम?" मामा म्हणायचे, "चांगली आहे." एवढंच.

डावरा दर रविवारी मामीला फोन करायचा. मामा खोलीच्या दुसऱ्या टोकाला जुनं वर्तमानपत्र वाचत बसायचे. मामीने दोनदा फोन पुढे केला, दोन्ही वेळा त्यांनी हाताने नको म्हटलं. काय बोलायचं ते ठरलं होतं, पण कसं बोलायचं ते नाही. म्हणून दुकानात, साच्यावर बूट चढवता चढवता, त्यांनी सराव सुरू केला.

"गुडघा कसा आहे रे?" ते साच्याला म्हणायचे. मग जरा हळू, "दुखतो का अजून?"

"माझा बरा आहे, मामा!" फळीपलीकडून आवाज आला. तो घड्याळवाला, माणसाला चिडवल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. पण या वेळी मामांनी शिवी दिली नाही. तेव्हा तो उठून दारात आला आणि म्हणाला, "असंच विचारा. चांगलं आहे."

पुढच्या रविवारी मामांनी स्वतःहून हात पुढे केला. मामीने पटकन फोन दिला, आणि तो परत मागितला जाऊ नये म्हणून स्वयंपाकघरात निघून गेली.

"हॅलो," मामा म्हणाले. "अरे..."

"मामा! बरं झालं आलास. आज डावीकडून कोण होतं?"

"आज? नवा पोरगा. पण सांगतो तुला, चुकतोय तो. एकतर फार पुढे जातो, मागे जागा सोडतो, आणि तिघांपैकी डावीकडचा उंच आहे पण मठ्ठ..."

आणि मामा सुटले. तीन-पाच-दोन आता का चालत नाही, सात नवे एकदम घेणं कसं चूक, चार-चार-दोनवर परत का यावं. पलीकडून "हं... हं... बरोबर" येत होतं. कित्येक महिन्यांनी कोणी इतकं ऐकून घेत होतं. मामांचा हात हवेत नाला सरकवत होता.

"बरं मामा, ठेवतो. शिफ्ट आहे."

"हो, हो. ठेव."

मामी पदराला हात पुसत बाहेर आली. "मग? काय म्हणाला गुडघ्याचं?"

मामांनी हातातल्या फोनकडे पाहिलं. "ते राहिलंच गं."

फोन घेऊन तिने जागेवर ठेवला, मग म्हणाली, "ऑपरेशन आहे. पुढच्या सोमवारी. मी जातेय पंधरा दिवस."

"सोमवारी? मग मी दुकान बंद..."

"अहो, त्याने मला एकटीलाच बोलावलंय."

मामांनी का म्हणून विचारलं नाही. शनिवारी त्यांनी तिची बॅग बसस्टँडवर नेली, बसमध्ये वर ठेवून दिली, खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. ड्रायव्हर चढला, इंजिन सुरू झालं.

"त्याला विचार," मामा म्हणाले.

"काय विचारू?"

"दुखतं का, म्हणून."

"विचारीन हो," मामी म्हणाली. "मी रोजच विचारते."

बस मागे आली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली.