ऑर्किडचं नवं नाव आणि कूलरजवळची जागा

घरात असलेलंच ऑर्किड मी पुन्हा एकदा विकत आणलं. वर त्याच्यासाठी आधीच्याला जागा रिकामी करायला लावली.

आधीचं बायकोचं. तिच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे तिच्या 'बाई'नं, नागपूरहून एसटीत मांडीवर धरून आणलेलं. पाटीवर 'एस्कोसेंट्रम' एवढंच उरलं होतं, पुढचं नाव पाण्यानं धुऊन नेलेलं. चंद्रपूरच्या मे महिन्यात ते तगायचं एकाच ठिकाणी, खिडकीबाहेर, कूलरच्या ओल्या गवतालगत. खिडकीच्या आतल्या बाजूला, कूलरच्या थेट तोंडासमोर, माझी खाट.

नव्या पार्सलवर नाव होतं 'वांडा'. मला ते फारच भारदस्त वाटलं. म्हटलं, "हे काही वेगळंच दिसते. याले कूलरपाशी टांगू."

"मंग बाईचं कुठी ठेवता?"

"गच्चीवर. जुनं हाये, त्याले उन्हाची सवय झाली असंन."

सवयबिवय काही झाली नव्हती. आठ दिवसांत त्याची पानं भाजून पिवळी पडली. इकडे वांडाला गुलाबी तुरा आला. बायको त्याच्याकडे बघतच राहिली.

"हे तं बाईच्या रोपासारखंच फुललं!"

"नात्यातलं असंन दूरच्या," मी जाणकारासारखा म्हणालो.

रविवारी शेजारचे सर आले. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. दोन्ही रोपं त्यांनी चष्मा वर करून पाहिली, मग खाली करून पाहिली.

"भाऊ, दोन्ही एकच हायेत. शास्त्रज्ञांनी एस्कोसेंट्रमले वांडात घालून टाकलं. नाव बदललं फक्त."

"मले कोणी सांगतलं नाई!"

"तुम्हाले विचारून बदलवतात का?"

बायकोनं गच्चीच्या जिन्याकडे बोट दाखवलं. मी गच्चीवरून तिचं रोप उतरवलं, जुन्या जागी टांगलं आणि सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी फवारत राहिलो, तिला दिसेल असं. तीन पानं गळाली. बहिणीचा फोन आला की बायको रोपाचा विषय टाळायची.

शेवटी एका सकाळी खोडातून मुळाचं हिरवं टोक डोकावलं. मी धावत तिला बोलावून आणलं. तिनं ते बोटानं हळूच चाचपलं, सुस्कारा सोडला. काम फत्ते झालं म्हणून मी खाटेवर आडवा झालो.

ती खिडकीतून माझ्याकडे बघत म्हणाली, "लग्नात तुमच्या घरच्यांनी तांदळात लिहून माहं बी नाव बदललं होतं. पन कूलरपुढची जागा मले अजून नाई भेटली."