मागच्या सीटवरून पाहिलेलं बेट

परवा जळकोटच्या रस्त्यावर एक टपरीवाला कुणाच्या तरी गाडीत बाटलीतून पेट्रोल ओतत होता, आणि त्या वासासरशी मला थायलंडमधलं ते बेट आठवलं. लेकीनं आम्हा दोघांना हट्टानं पाठवलं होतं. तिथंही किराणा दुकानासमोर दारूच्या बाटल्यांत पेट्रोल मांडलेलं, शेजारी मासळी वाळत घातलेली आणि म्हाताऱ्या बायासुद्धा मोटारसायकलवर भाजी घेऊन निघालेल्या. आमच्या भाड्याच्या दुचाकीत पेट्रोल भरून झालं तशी बायको म्हणाली, "द्या चावी इकडं. हितं कोण वळखतंय आपल्याला?" माहेरी ती भावाची गाडी चालवायची, लग्नानंतर लोक हसतील म्हणून मीच ते बंद केलं होतं. तिनं ओढणी कमरेला बांधली आणि गाडी अशी सोडली की मी मागून तिचे खांदेच धरले. चढ, उतार, नारळाची झाडं आणि वळणावर एकदम समुद्र! "भ्यालाव का?" तिनं ओरडून विचारलं. "न्हाई," म्हणालो आणि कित्येक वर्षांनी मोठ्यानं हसलो. आता गावाकडं, चाकूरला जाताना लातूरपासून आमची मोटारसायकल तीच चालवते. चाकूरची पहिली घरं दिसली की मात्र बाजूला थांबते आणि उतरते. आणि खरं सांगतो, मी पुढं बसतो.