जावेच्या बरणीतला चमचाभर पराग

मैत्रिणींनो, माझे ओठ सकाळपासून आमच्या गोव्यातल्या पोदेराच्या पावासारखे फुगलेत, आणि त्याला कारण माझी थोरली जाऊ.

वैनी माझ्याहून चांगली मोठी. तरी हळदीकुंकवाला गेलो की बायका तिलाच विचारतात, "चेहऱ्याला काय लावतेस गो?" मला आजवर कोणी विचारलेलं नाही.

परवा तिच्या कपाटात मधमाश्यांच्या परागकणांची बरणी दिसली. म्हटलं, सापडलं गुपित. आज ती परसात फुलं काढायला गेली, तेवढ्यात मी सील फोडून मोठा चमचा तोंडात टाकला.

थोड्या वेळात अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला. वैनीनेच गाडी काढून मला साखळी गावातल्या डॉक्टरकडे नेलं. इंजेक्शन झाल्यावर म्हणाली, "काजूक मोहर आयलो काय शिंकान बेजार जातंस, आणि फुलांचो पराग चमच्यान खातंस?"

कारापूरला घरी परतल्यावर माझ्या लक्षात आलं. सील मी फोडलं होतं. म्हणजे वैनीने त्यातला एक कणही कधी खाल्ला नव्हता.

सूज उद्यापर्यंत उतरेल म्हणाले. पण तो चेहरा तिचा नुसताच तसा आहे, हे मी कसं सहन करू, सांगा.